दिव्या देशमुखबद्दल पालक आणि मुलं मला जे विचारत राहतात

पार्ले पूर्वेला एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी शनिवार-रविवारी बुद्धिबळ शिकवते. २८ जुलै २०२५ ला दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. पुढच्याच शनिवारी वर्गात सात नवी मुलं आली, त्यातल्या पाच मुली. मुलांनी मुकाट्याने पट मांडले, प्रश्न सगळे पालकांचे होते. व्हॉट्सअॅपवर तीच तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

दिव्या मुंबईची आहे का?

नाही हो. ती नागपूरची. जन्म ९ डिसेंबर २००५ चा, आईवडील दोघेही डॉक्टर. मोठी बहीण बॅडमिंटन खेळायला जायची. हिलाही तिथेच घालायचा बेत होता, पण हातात रॅकेट पेलवेना. म्हणून शेजारच्या बुद्धिबळाच्या वर्गात बसवलं. तेव्हा ती पाच वर्षांची होती. नागपुरात तिला सुरुवातीला शिकवलं ते राहुल जोशींनी. २०२० मध्ये ते गेले, शिष्येचं हे यश त्यांना बघता आलं नाही.

२०१२ मध्ये सात वर्षांखालच्या मुलींचं राष्ट्रीय विजेतेपद, २०१४ मध्ये डर्बनला दहा वर्षांखालचं जागतिक, २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालचं जागतिक. म्हणजे बुद्धिबळातल्या लोकांना ती जुलैत ‘सापडली’ नाही, दहा-बारा वर्षं ती डोळ्यांसमोरच होती.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. उशीर झाला का?

नाही. त्याला पटासमोर अर्धा तास बसवतं का, एवढंच बघा.

विश्वचषक जिंकला म्हणजे ती जगज्जेती झाली ना?

नाही. यात पालकांचाच कशाला, पेपरवाल्यांचाही घोळ होतो. महिलांचं जगज्जेतेपद वेगळं. ते चीनच्या जू वेनजुनकडे होतं आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये टॅन झोंगयीला हरवून तिने ते राखलं. विश्वचषक ही बाद फेरीची स्पर्धा आहे. त्यातून काही जणी कँडिडेट्स स्पर्धेत जातात, आणि कँडिडेट्स जिंकणारी जगज्जेतीला आव्हान देते. दिव्याला २०२६ च्या कँडिडेट्सचं तिकीट मिळालं ते या वाटेने. ‘वर्ल्ड कप’ म्हटलं की आपल्याला वानखेडेवरचा धोनीचा षटकार आठवतो आणि तिथे सगळं संपतं असं वाटतं. इथे विश्वचषकानंतरही दोन जिने चढायचे असतात.

एकही नॉर्म नसताना ती ग्रँडमास्टर कशी झाली? कायद्यात बसतं का हे?

बसतं. पण आधी नेहमीची वाट कशी असते ते सांगते, म्हणजे यातली गंमत कळेल.

ग्रँडमास्टर व्हायला दोन गोष्टी लागतात. एक, रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, कधीतरी २५०० ला पोचलं पाहिजे. दोन, तीन नॉर्म. नॉर्म म्हणजे एका स्पर्धेत, निदान नऊ डाव खेळून, २६०० रेटिंगच्या खेळाडूला शोभेल अशी कामगिरी. समोरचेही तोलामोलाचे हवेत, किमान एक तृतीयांश ग्रँडमास्टर हवेत, ते वेगवेगळ्या देशांचे हवेत. तीन नॉर्म मिळून २७ डाव भरले पाहिजेत. यात लोकांची वर्षंच्या वर्षं जातात. शेवटच्या फेरीत अर्धा गुण कमी पडला की नॉर्म हुकला, आणि मग पुढच्या स्पर्धेचं तिकीट काढा, व्हिसाच्या रांगेत उभे राहा.

फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नियमात एक थेट वाटही आहे. काही मोजक्या स्पर्धा जिंकल्या तर किताब तिथल्या तिथे मिळतो, नॉर्म लागत नाहीत. अट एवढीच की रेटिंग अगदीच कमी नको. महिला विश्वचषक त्या मोजक्यांपैकी एक. दिव्याचं रेटिंग ऑक्टोबर २०२४ मध्ये २५०१ ला पोचलं होतं, म्हणजे ते अर्धं काम झालेलंच होतं. नॉर्मच्या खात्यात मात्र भोपळा. बातुमीला निघताना ती इंटरनॅशनल मास्टर, म्हणजे ग्रँडमास्टरच्या एक पायरी खाली होती, परतली ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर होऊन. जिंकल्यावर ती स्वतःच म्हणाली की किताब असाच मिळायचा असं नशिबात असावं, कारण स्पर्धेआधी एकही नॉर्म नव्हता.

वर्गातल्या एका वडिलांनी लगेच विचारलं, “मग नॉर्मच्या भानगडीत कशाला पडायचं? थेट विश्वचषकच जिंकू.” मी म्हटलं, जरूर.

डब्ल्यूजीएम (वुमन ग्रँडमास्टर) आणि जीएम (ग्रँडमास्टर) यात फरक काय? मुलींचा किताब सोपा असतो का?

हो, डब्ल्यूजीएम हा फक्त महिलांसाठीचा किताब आणि तो जीएमपेक्षा बराच खालचा आहे. त्याला २३०० रेटिंग पुरतं. तो दिव्याला २०२१ मध्ये मिळाला. २०२३ मध्ये ती इंटरनॅशनल मास्टर झाली, तो किताब सर्वांसाठी असतो. नुसता ‘ग्रँडमास्टर’ म्हटलं की त्यात बाई-पुरुष भेद नाही, आनंदचा जो किताब तोच दिव्याचा. भारतात तो मिळवणाऱ्या बायका तिच्यासकट चार: कोनेरू हंपी (२००२), द्रोणवल्ली हरिका (२०११), आर. वैशाली (२०२३) आणि दिव्या. ती जिंकली तेव्हा ८८ मध्ये चार. या आकड्यावर वेगळं लिहावं लागेल.

बातुमीत नेमकं काय घडलं?

१०७ जणींची स्पर्धा, दिव्याला मानांकन १५वं. वरच्या मानांकनामुळे पहिली फेरी खेळावी लागली नाही. पुढच्या दोन फेऱ्या निभावल्या आणि चौथीत समोर आली दुसरी मानांकित झू जिनर. बहुतेकांनी इथे तिचं सामान बांधून ठेवलं होतं. टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायला खेळतात त्या झटपट डावांत, दिव्या जिंकली. उपांत्यपूर्व फेरीत हरिका. पुन्हा टायब्रेक, पुन्हा दिव्या. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती टॅन झोंगयी: पहिला डाव बरोबरीत, दुसरा १०१ चालींनंतर दिव्याने जिंकला. त्या डावाबद्दल शेवटी लिहिते.

अंतिम फेरीत हंपी. आता हिशेब बघा. हंपी पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्म व्हायला अजून तीन वर्षं होती. बातुमीला यायच्या आधी, २०२४ च्या डिसेंबरात, हंपी दुसऱ्यांदा रॅपिडची, म्हणजे कमी वेळाच्या डावांची, जागतिक विजेती झाली होती. आणि टायब्रेक रॅपिडचाच असतो. कागदावर बघितलं तर डाव टायब्रेकपर्यंत नेणं दिव्याच्या फायद्याचं नव्हतं.

अंतिम फेरीच्या पहिल्या डावात दिव्याकडे पांढरी सोंगटी होती. सुरुवातीलाच तिला इतकी चांगली स्थिती मिळाली की इंजिनच्या पट्टीचा, म्हणजे कोण वरचढ ते संगणक दाखवतो त्या पट्टीचा, पांढरा रंग वर चढत गेला. ती संधी निसटली आणि डाव बरोबरीत सुटला. हाताशी आलेला असा डाव गेला की रात्री झोप लागत नाही, हे खेळलेल्या कोणालाही विचारा. दुसऱ्या दिवशी काळ्या सोंगट्यांनी तिने शांतपणे बरोबरी केली. मग सोमवारी टायब्रेक. पहिला रॅपिड बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी.

शेवटचा डाव तुम्ही लाइव्ह बघितला का?

बघितला, चर्चगेट-बोरिवली स्लोच्या लेडीज डब्यात. माझी नोकरी फोर्टमध्ये आहे. बाहेर पाऊस, खिडक्यांचे शटर खाली, आत ओल्या छत्र्यांचा वास. मोबाइलवर पट उघडला होता आणि ग्रँट रोडच्या पुढे चित्र अडकायला लागलं. हंपीचं घड्याळ सरत आलेलं. बाजूला कोथिंबीर निवडत बसलेल्या काकूंनी मान तिरकी करून विचारलं, “मॅच का?”

“हो, फायनल.”

“कोण कोण?”

“दोघी आपल्याच.”

“मग तुम्ही नखं कशाला खाताय?”

काय सांगणार! पटावर तोवर फार काही उरलं नव्हतं: हत्ती, थोडी प्यादी आणि दोन राजे. दिव्याला वाट सापडली, ती तिने घालवली. मग हंपीला बरोबरी मिळत होती, ती तिने घालवली. वेळ नसला की हत्तीच्या अंतिम पर्वात भल्याभल्यांचं असंच होतं. प्याद्याला आत्ता पुढे ढकलायचं की आधी राजा आणायचा, या एका चालीच्या फरकावर डाव फिरतो, आणि विचार करायला मिळतात काही सेकंद. दादर गेलं, माटुंगा गेलं. मधेच नेटवर्क आलं तर ७५वी चाल झालेली आणि हंपीने हार मानून हात पुढे केलेला.

पुढचं दृश्य तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच आहे. दिव्या डोळे पुसत आईच्या गळ्यात पडली. काकूंनी कोथिंबीर पिशवीत भरली, माझ्या मोबाइलकडे बघून म्हणाल्या, “अगं, पोरगी रडतेय की. हरली का?”

“जिंकली.”

“मग बरोबर,” म्हणाल्या आणि सांताक्रुझला उतरल्या.

तिची खेळण्याची शैली कशी आहे? आक्रमक म्हणतात ते खरं का?

खरं आहे, पण अर्धं.

लहानपणापासून तिचा हात हल्ल्याकडे जातो. तिचे डाव लावून बघा. राजा उघडा पडेल अशा रेषा ती शोधते, सोंगटी देऊन पुढाकार मिळत असेल तर देते, आणि मारामारीची सोय असेल तर वजीर बदलून डाव शांत करायची तिला घाई नसते. आमच्या वर्गात मुलं ‘आक्रमक’ म्हणजे दहाव्या चालीला वजीर बाहेर काढून शह देत सुटणं असं समजतात. ते आक्रमण नव्हे, ती धावपळ. दिव्या आधी सोंगट्या जागेवर आणते, ताण वाढवत नेते. म्हणजे कसं, दोन प्यादी समोरासमोर उभी आहेत, कोणीही कोणाला मारू शकतं, तरी ती मारत नाही. समोरच्याला ठरवू देते. दर चालीला समोरच्याला पुन्हा पुन्हा तोच हिशेब करावा लागतो, घड्याळ चालू राहतं, आणि कधीतरी त्याचा हिशेब चुकतो. तिच्या कितीतरी जिंकलेल्या डावांत चूक समोरच्याची असते, पण ती चूक व्हावी अशी परिस्थिती हिने वीस चाली जपलेली असते.

उरलेलं अर्धं गेल्या तीन-चार वर्षांतलं. २०१८ ते २०२० या काळात तिला शिकवणारे ग्रँडमास्टर श्रीनाथ नारायणन यांचंही म्हणणं असं की मुळात ती आक्रमक, पण पुढे खेळ सर्वांगीण होत गेला. बातुमीत ते दिसलं. हंपीविरुद्ध काळ्या सोंगट्यांनी ती काही हल्ला चढवायला गेली नाही. स्थिती धरून ठेवली, घड्याळावर लक्ष ठेवलं, संधी आली तशी घेतली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर तिचा सगळ्यात मोठा गुण हल्ला नाहीच. निसटलेला डाव ती डोक्यातून काढून टाकते, तो गुण. अंतिम फेरीतला पहिला डाव माझ्यासारखीच्या हातून असा गेला असता तर दुसऱ्या दिवशी मी वीस चालींत कोसळले असते. कॉलेजात असताना एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत माझा जिंकलेला डाव एका फालतू शहामुळे बरोबरीत गेला आणि पुढचे तिन्ही डाव मी हरले. तीस वर्षं झाली, तो शह अजून आठवतो.

तिच्यात कच्चं काय आहे?

अंतिम पर्व, म्हणजे एंडगेम. हे मी नाही, विश्वचषक जिंकल्यावर पाच मिनिटांत तिनेच सांगितलं, की मला एंडगेम शिकायला हवेत. वर्गात मी हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं आहे. एंडगेमचा तास म्हटलं की ज्यांना पोटात दुखतं त्यांच्यासाठी.

ती क्लासिकलमध्ये (लांब वेळाच्या डावांत) चांगली की झटपट खेळात?

दोन्हीकडे, पण झटपट खेळात तिने जास्त धक्के दिलेत. २०२३ मध्ये कोलकात्याच्या टाटा स्टील रॅपिडमध्ये ती आयत्या वेळी वैशालीच्या जागी आली. रेटिंगने यादीत सगळ्यात खाली. जिंकली ती, नऊपैकी सात गुण, आणि खुद्द जगज्जेती जू वेनजुन तिच्या मागे. २०२५ च्या जूनमध्ये लंडनला जागतिक सांघिक ब्लिट्झमध्ये, म्हणजे रॅपिडहूनही झटपट डावांत, तिने चीनच्या होउ यिफानला हरवलं. होउ यिफान म्हणजे तेव्हाची महिलांमधली अव्वल रेटिंगवाली.

ऑलिम्पियाडमध्ये तिने काय केलं?

बुडापेस्ट, सप्टेंबर २०२४. भारताच्या पुरुष संघाला सुवर्ण, महिला संघालाही सुवर्ण. महिला संघात हरिका, वैशाली, दिव्या, वंतिका अगरवाल आणि तानिया सचदेव. कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. दिव्या तिसऱ्या पटावर अकराही डाव खेळली, साडेनऊ गुण, एकही हार नाही, वैयक्तिक सुवर्ण. शेवटच्या फेरीत अझरबैजानविरुद्धही तिचा डाव जिंकलेला. सांघिक स्पर्धेत तिसरा पट म्हणजे क्रिकेटमधला पाचव्या-सहाव्या नंबरचा फलंदाज. वरचे दोन पट बरोबरीत अडकले की गुण इथूनच आणायचे असतात.

त्याच वर्षी जूनमध्ये गांधीनगरला ती वीस वर्षांखालच्या मुलींमध्ये जागतिक विजेती झाली होती, अकरापैकी दहा गुण. हे पद आधी हंपी, हरिका आणि पुण्याच्या सौम्या स्वामीनाथनने मिळवलेलं. त्याआधी २०२३ मध्ये अल्माटीला आशियाई विजेतेपद, आणि देशात लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातलं दुसरं कोल्हापूरला.

तिच्या कपड्यांवरून काही वाद झाला होता ना?

वाद तिने केला नव्हता. २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्सला वाइक आन झी इथल्या स्पर्धेनंतर तिने इन्स्टाग्रामवर लिहिलं, की प्रेक्षक तिच्या खेळाबद्दल बोलत नाहीत. कपडे, केस, बोलण्याची ढब, याबद्दलच बोलतात. डाव मात्र कोणी बघत नाही. अठरा वर्षांची होती. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या काळी इन्स्टाग्राम नव्हतं, पण हॉलच्या कडेला उभे राहून कुजबुजणारे काका होतेच.

मुलींच्या आयांना एवढंच सांगते, स्पर्धेला जाताना पोरीला आरामशीर वाटेल ते घाला. चार तास बसायचं असतं आणि एसीत थंडी वाजते. कपड्यांबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

विश्वचषकानंतर ती हरली असं ऐकलं. मग विश्वचषक नशिबाने का?

सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंदला ग्रँड स्विस झाली. तिथे ती महिला गटात न खेळता खुल्या गटात उतरली आणि जगज्जेत्या गुकेशला बरोबरीत रोखलं. नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या विश्वचषकात, म्हणजे खुल्या, पहिल्याच फेरीत ग्रीसच्या ग्रँडमास्टरकडून दोन्ही डाव हरून बाहेर. दोन्ही खरं आहे. पुरुष ग्रँडमास्टरांच्या गटात जाऊन बसलं की मार खावाच लागतो, आणि तिथे बसायचं तिने स्वतः निवडलं. नशिबाचं म्हणाल तर तीन आठवड्यांच्या बाद स्पर्धेत थोडं लागतंच. पण लागोपाठ झू जिनर, हरिका, टॅन आणि हंपी हा नशिबाचा नमुना असेल तर ते नशीब फारच कष्टाळू आहे.

ती कोणती ओपनिंग (डावाची सुरुवात) खेळते? आमच्या मुलाला तीच शिकवाल का?

नाही. तिची ओपनिंग तिच्या हाताला बसलेली आणि संगणकावर तासन् तास घासलेली असतात. तुमच्या मुलाला आधी किल्लेकोट (कॅसलिंग) वेळेवर करू दे.

महाराष्ट्रातून, मुंबईतून आधी कोणी एवढं खेळलंय का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा पाजते.

गिरगावातल्या खाडिलकर भगिनी तुम्हाला माहीत नसतील तर चूक तुमची नाही, आपण विसरलो आहोत. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली: वासंती, जयश्री, रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ ला झाली, ती वासंतीताईंनी जिंकली. पुढची जवळजवळ दहा वर्षं राष्ट्रीय विजेतेपद त्या घराबाहेर गेलं नाही. १९७६ मध्ये रोहिणीताई तेरा वर्षांच्या होत्या आणि थेट पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी सांगितलं की बाईला बाई म्हणून राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर ठेवता येणार नाही. दिव्या समरकंदला खुल्या गटात खेळली तेव्हा मला हेच आठवत होतं. ती वाट पन्नास वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका शाळकरी मुलीने रुंद करून ठेवली होती.

माझी आई आम्हाला खाडिलकरांच्या गल्लीतून नेताना मुद्दाम सावकाश चालायची. वरच्या मजल्याकडे बोट करून म्हणायची, “तिथे खेळतात त्या.” कोणता मजला ते तिलाही ठाऊक नव्हतं, हे मला पुढे कळलं.

त्यानंतर भाग्यश्री ठिपसे, म्हणजे माहेरच्या साठे: पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या, १९९१ ला आशियाई विजेत्या. अनुपमा गोखले, माहेरच्या अभ्यंकर: त्याही पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या. मुंबईचेच प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरचाच रौनक साधवानी ही नावं तर मुलांना तोंडपाठ आहेत. नागपूरने एवढे खेळाडू कसे काढले, हा खरा प्रश्न आहे. आमच्याकडे मुंबईत मूल वर्गाला पोचेपर्यंतच दमतं.

तिला बक्षीस किती मिळालं?

विश्वचषकाचे ५० हजार डॉलर. नागपुरात सत्कार करून राज्य सरकारने ३ कोटी रुपये दिले. आकडे विचारता तेव्हा दुसरी बाजूही धरा. प्रशिक्षक, विमान, हॉटेल, सोबत येणाऱ्या आईचा किंवा बाबांचा खर्च आणि बुडालेलं काम, हे दहा-बारा वर्षं घरातूनच जातं. सगळ्यांनी टाळ्या वाजवलेली मुलगी ही एक. तेवढाच खर्च करून जिचं नाव कुठे आलं नाही अशा मुली मला चार-पाच ठाऊक आहेत. त्यातली एक सध्या माझ्या वर्गात लहान मुलांना शिकवते, आणि फार सुंदर शिकवते.

माझी मुलगी किती वर्षांत ग्रँडमास्टर होईल?

या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. फी परत हवी असेल तर सांगा.

वर्गात तिचा कोणता डाव दाखवता?

टॅन झोंगयीविरुद्धचा तो १०१ चालींचा. पालकांना वाटतं एखादा वजीर फेकून मात केलेला डाव दाखवावा, वीस चालींत संपणारा, व्हिडिओ काढण्यासारखा. ते डाव मुलं घरी मोबाइलवर बघतातच. हा मात्र कोणी एकट्याने बसून बघत नाही. त्यात दोघींकडून संधी हुकतात, पट हळूहळू रिकामा होत जातो, आणि प्रेक्षकाला तीन वेळा वाटतं की आता बरोबरी झाली.

गेल्या शनिवारी साठाव्या चालीच्या आसपास एका मुलाने जांभई देत विचारलं, “ताई, इथे ड्रॉ का नाही घेत?” मी काही बोलायच्या आत मागच्या खुर्चीवरची आठ वर्षांची पोरगी उठली, पटाशी आली, बोटाने मोजून म्हणाली, “अजून प्यादी आहेत ना तिच्याकडे.” तिला वर्गात येऊन जेमतेम दोन महिने झालेत. घोडा कसा जातो ते अजून कधीकधी विसरते.

तेवढ्यात हळदीकुंकवाची मंडळी दाराशी येऊन उभी राहिली. हॉल साडेसहाला रिकामा करून द्यावा लागतो. ६२व्या चालीवरची स्थिती मी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. उरलेल्या ३९ चाली या शनिवारी. पाण्याची बाटली आणा, हॉलमधला फिल्टर बंद आहे.